मुंबई हायसाठी नव्या सप्लाय बोटी बांधणार म्हणतात, तथ्य किती?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. मी सेकंड ऑफिसर (म्हणजेच सेकंड मेट) आणि डीपीओ, म्हणजे बोट जागच्या जागी धरणारी डीपी यंत्रणा चालवणारा. पाच वर्षं आखातात एका अँकर हँडलरवर, म्हणजे रिगचे नांगर हलवणाऱ्या बोटीवर आहे, सध्या सुट्टीवर गावी आलोय. आल्यापासून तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच बातमी कानावर घातली: मुंबई हायच्या तेलक्षेत्रासाठी नव्या पीएसव्ही, म्हणजे सप्लाय बोटी बांधायला निघाल्यात, सगळ्या डीपी-२ (दुहेरी डीपी यंत्रणेच्या), सगळ्या देशी गोदीत, आणि क्रू आत्तापासून घेतायत. एक म्हणतो दहा बोटी, दुसरा बारा, तिसरा थेट वीस.

त्यात एका एजंटचा फोन आला. "पहिल्याच क्रूमध्ये नाव घालतो, फक्त आधी दीड लाख जमा करा." माझं काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचंय. बाबा गेल्या वर्षी गेले, आई एकटी असते, मुलगी चौथीत आहे. मुंबई हायवर काम मिळालं तर निदान अडीनडीला घरी पोचता येईल, म्हणून जीव गुंतलाय. कुणी प्रत्यक्ष गोदीत काही पाहिलंय का? आखात सोडावं का?

उधाण
एक रुपयाही देऊ नकोस. बाकीचं वॉच संपल्यावर लिहितो.

सारंगकाका
हर्णैकर, मी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा सारंग म्हणून निवृत्त झालो. १९८४ ते २०१६ सगळी नोकरी सप्लाय बोटींवर. १९७४ साली मुंबई हायवर सागर सम्राट रिगला तेल लागलं तेव्हा मी शाळेत होतो, मास्तरांनी वर्गात पेढे वाटले होते. पुढे त्याच दर्यात पोट भरलं.

बोटीवर बातमी कशी तयार होते ते सांगतो. न्हावाच्या सप्लाय बेसला माल भरताना ट्रकवाला काही बोलतो. ते क्रेनवाला ऐकतो, क्रेनवाल्याकडून आमच्या डेकवर येतं, आणि रात्री मेसमध्ये भाताबरोबर वाढलं जातं तेव्हा दोन बोटींच्या सहा झालेल्या असतात. खोटं कुणी बोलत नाही रे. प्रत्येकाला घराजवळचं काम हवं असतं, म्हणून जो तो एक बोट वाढवून सांगतो.

पण २०१२-१३ ला अशाच बातम्या खऱ्या ठरल्या होत्या हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा बोटी खरंच येत होत्या. माझ्या हाताखालची दोन पोरं नव्या बोटीवर गेली, कर्ज काढून घरं बांधली. मग २०१४ च्या जूनमध्ये ११५ डॉलरच्या घरात असलेलं तेल २०१६ च्या जानेवारीत ३० च्या खाली आलं. त्यातल्या एकाची बोट आखातात नांगरावर पडून राहिली. सात महिने पगार नाही, गोडं पाणी मोजून. तो परत आला तेव्हा त्याची आई त्याला धक्क्यावर ओळखू शकली नाही. म्हणून म्हणतो, बोट नवी आहे एवढ्यावर जाऊ नकोस. तिला काम कुठलं आणि किती वर्षांचं बांधलंय, ते आधी विचार.

डेककॅडेट_२३
वाचतोय. सगळ्यांनी सविस्तर लिहा प्लीज. आमच्या बॅचमध्ये पण हीच चर्चा आहे.

मिऱ्याबंदर
मी रत्नागिरीचा, फॅब्रिकेशनमधला माणूस. बोट बांधतात म्हणजे काय होतं ते या बाजूने सांगतो, म्हणजे खऱ्याखोट्याचा अंदाज येईल.

करार झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी गोदीत ठोकाठोक सुरू झाली असं होत नाही. आधी ड्रॉइंग, मग क्लासची (जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी. इंजिनं, थ्रस्टर (बोट जागेवर धरायला लागणारे जादा पंखे), डीपीची यंत्रणा ही सगळी लांबच्या मुदतीची खरेदी, आणि त्यातलं बरंचसं परदेशातून येतं. मग पहिली प्लेट कापतात. त्याचा रीतसर कार्यक्रम असतो, नारळ फुटतो, फोटो छापून येतात. त्यानंतर कील, ब्लॉक जोडणी, जलावतरण. पाण्यात उतरलेली बोट निम्मीच झालेली असते हे लोकांना माहीत नसतं. केबल, पाइप, रंग, यंत्रांच्या चाचण्या, मग सी ट्रायल आणि डीपीच्या चाचण्या. सगळं सुरळीत गेलं तरी पहिल्या प्लेटपासून बोट हातात यायला दोन वर्षांच्या आसपास धरा.

आता क्रूचं. मालक चीफ इंजिनिअर आणि कॅप्टनला शेवटच्या काही महिन्यांत गोदीत पाठवतात. बाकीचा क्रू अगदी शेवटी. ज्या बोटीची प्लेटच कापली गेली नाही तिच्यासाठी सेकंड मेट आत्ता कोण घेईल? तुझ्या एजंटला एवढंच विचार: कुठली गोदी, यार्ड नंबर (गोदीने त्या बोटीला दिलेला क्रमांक) काय, प्लेट कधी कापली.

मन भरून येतं म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. आमच्या मिऱ्यावर भारती शिपयार्डने परदेशी मालकांसाठी ऑफशोअर बोटी बांधल्या. जलावतरणाच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं कामधंदा सोडून पाहायला यायची. ती कंपनी २०१९ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. सुरतेची एबीजी पण त्याच वर्षी. २००९ मध्ये ग्रेट ऑफशोअर ही ऑफशोअर बोटींची कंपनी विकत घ्यायला याच दोघांची झुंज लागली होती, दहा वर्षांत दोघीही संपल्या. वेल्डर पोरं दुबई, कतार, कोची अशी पांगली. बोट बांधणारा हात तयार व्हायला वर्षं लागतात आणि तो एकदा गेला की हाक मारल्याने परत येत नाही. म्हणून अशी बातमी आली की आम्हालाही ती खरी व्हावी असं तुमच्याइतकंच वाटतं.

आकडेमोड
मिऱ्याबंदर यांचा प्रतिसाद फार आवडला. मी जहाजावर नसतो, जहाजांना कर्ज देणाऱ्या बाजूला नोकरी करतो. यावेळी हवेत चर्चा का आहे त्याचं कारण सांगतो, कारण धूर आगीशिवाय निघालेला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात गोद्यांना बांधणीखर्चातला काही भाग देणारी योजना आहे, तिच्यासाठी २४,७३६ कोटी, मुदत २०३६ पर्यंत. त्याशिवाय २५,००० कोटींचा सागरी विकास निधी आणि गोद्यांची क्षमता वाढवायला १९,९८९ कोटी. याआधीची मदत २०१६ ला २० टक्क्यांनी सुरू झाली होती आणि दर तीन वर्षांनी ३ टक्क्यांनी उतरत होती.

ऑफशोअरवाल्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. त्याच महिन्यात मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. भारतीय मालकीच्या, भारतीय झेंड्याच्या जहाजासाठी मर्यादा १०,००० जीटी (जहाजाच्या आकारमानाचं माप) ठेवली, पण जहाज भारतात बांधलेलं असेल तर १,५०० जीटी पुरे. बऱ्याच पीएसव्ही आणि मोठे अँकर हँडलर या दुसऱ्या मर्यादेत बसतात. दर्जा मिळाला की लांब मुदतीचं कर्ज मिळणं सोपं होतं. मालक लोक हिशेब मांडायला बसलेत ते यामुळे.

हिशेब मांडणं आणि ऑर्डर देणं यात मात्र अंतर असतं. गोदी किंवा मालक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मोठी ऑर्डर बाजाराला कळवावीच लागते. तिथे काही दिसेपर्यंत मी तरी बातमीला बातमी म्हणणार नाही.

खाडीपट्टा
वाखूसा (वाचनखूण साठवली). असे धागे हवेत.

चीफसाहेब
आकडेमोड, मदत, कर्ज सगळं ठीक, पण मी असहमत आहे. मी चीफ इंजिनिअर, एकोणीस वर्षं ऑफशोअर. मालक नवी बोट का बांधेल? चार्टर, म्हणजे बोट भाड्याने घेण्याचा करार, मिळतो तीन किंवा पाच वर्षांचा, कर्ज फेडायचं दहा-बारा वर्षं. मधल्या काळात डे रेट (बोटीचं रोजचं भाडं) पडला की बँक दारात. २०१४ नंतर अमेरिकेतली टाइडवॉटरसारखी जगातली मोठी कंपनीसुद्धा २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली होती. चीनच्या गोद्यांमध्ये तर अर्धवट बोटी मालकाविना उभ्या होत्या. त्या नंतर लोकांनी पडत्या भावात घेतल्या. आजही मालक आधी वापरलेली बोटच शोधतो. नवी बांधणी होईल ती मागणारी कंपनी लांब चार्टर लिहून देईल तेव्हाच.

मिऱ्याबंदर
चीफसाहेब, चार्टरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण वापरलेल्या बोटीही आता संपत आल्यात ना? २०१४ नंतर जगभरात नवीन ऑर्डर जवळजवळ थांबल्या होत्या. म्हणजे आज जे बाजारात आहे ते दहा-पंधरा वर्षांचं. ते किती दिवस ताणणार?

आणि आपल्याला बांधता येत नाही असंही नाही. कोचीन शिपयार्डने नॉर्वेसाठी पीएसव्ही बांधून दिल्या, आता सायप्रस आणि ब्रिटनच्या मालकांनी तिथे समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठीच्या सर्व्हिस बोटी सांगितल्यात. मालपेची जुनी टेबमा गोदी कोचीनने २०२० मध्ये घेतली आणि तिथे पुन्हा काम सुरू झालं. मिऱ्याला, दाभोळला हे का होऊ नये?

चीफसाहेब
होऊ नये असं मी कुठे म्हणतोय. व्हावंच. माझं म्हणणं एवढंच की पोरांनी त्यावर आज नोकरी सोडू नये. जुन्या बोटींचं म्हणाल तर त्या ताणणाऱ्यांत मीच एक आहे. गेल्या पावसाळ्यात प्लॅटफॉर्मखाली माल देताना आमच्या बो थ्रस्टरचा अलार्म वाजला. लाट तीन मीटर. माझा फोर्थ इंजिनिअर थ्रस्टर रूममध्ये हायड्रॉलिक पाइपवर फडकं घट्ट धरून बसला होता, तेल त्याच्या कोपरापर्यंत. कॅप्टनने बोट हळूहळू बाहेर काढली, प्लॅटफॉर्मभोवतीच्या पाचशे मीटरच्या सुरक्षा हद्दीपलीकडे गेल्यावर पोराने हात सोडला. बोटं सरळ होत नव्हती त्याची. नवी बोट कुणाला नकोय?

डेककॅडेट_२३
प्रश्न थोडा बाळबोध आहे. पीएसव्ही आणि एएचटीएस यात नोकरीच्या दृष्टीने फरक काय? कॉलेजात व्याख्या शिकवतात, काम कसं असतं ते कुणी सांगत नाही.

उधाण
वॉच संपला. हर्णैकरच्या आधी कॅडेटला उत्तर देतो, कारण प्रश्न चांगला आहे.

पीएसव्ही म्हणजे दर्यातला किराणा ट्रक समज. डेकवर कंटेनर आणि ड्रिल पाइप, डेकखाली टाक्यांमध्ये डिझेल, गोडं पाणी, ड्रिलिंगचा मड (चिखलासारखा द्रव), सिमेंट, बराइटची भुकटी. रिगखाली बोट डीपीवर जागच्या जागी धरायची आणि वरून क्रेन एकेक नग उचलणार. डीपी म्हणजे संगणक थ्रस्टरना सतत सांगत राहतो की थोडं इकडे, थोडं तिकडे. डीपी-२ मध्ये यंत्रणा दुहेरी असते, एक बिघाड झाला तरी बोट जागा सोडत नाही. ऐकायला सोपं. जूनमध्ये उधाणात डेक वरखाली होत असताना क्रेनचा हूक पकडणाऱ्या एबीच्या (डेकवरच्या खलाशाच्या) नजरेने बघ, मग कळतं. मड टँक धुवायची पाळी आली की दोन दिवस जेवणाला मडचा वास.

एएचटीएस म्हणजे अँकर हँडलर, रिग ओढणारी, नांगर टाकणारी, उचलणारी. ताकदीचं काम. शंभर टनांवर ताण घेतलेली वायर शार्क जॉमध्ये (डेकवरच्या लोखंडी जबड्यात) धरलेली असते, तेव्हा डेकवर उभं राहायचं नाही म्हणजे नाही. १२ एप्रिल २००७ ला शेटलंडजवळ बूर्बाँ डॉल्फिन नांगर हलवतानाच उलटली, आठजण गेले. नांगराच्या साखळीने बोट आडवी ओढली गेली. त्यानंतर अँकर हँडलिंगच्या स्थिरतेचे नियम कडक झाले. हर्णैकर पाच वर्षं या कामात आहे म्हणजे पोरगा पक्का आहे.

सारंगकाका
उधाणने बरोबर लिहिलं. शेवटी एक जोडतो. माणसं वर पाठवायची ती बास्केट पाहिलीस का कॅडेट? खाली गोल कडं, वर दोऱ्यांचं जाळं. बॅगा आत, माणसं बाहेरच्या बाजूने जाळीला धरून उभी. क्रेन उचलते आणि क्षणात पायाखाली बोट नसते, हिरवं पाणी असतं. पहिल्यांदा चढलो तेव्हा मी डोळे मिटले होते. माझ्या सारंगाने खालून ओरडून सांगितलं, "डोळे उघड, वाऱ्याकडे बघ." तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला मी तेच सांगितलं.

करंजाची_लेक
विषय थोडा वेगळा होईल, पण तुम्ही सगळे तिथे काम करता म्हणून लिहिते. आमच्या घरची बोट आहे मासेमारीची. प्लॅटफॉर्मच्या खांबांना शेवाळ धरतं, तिथे मासळी जमते. त्यामुळे आमची माणसं त्या बाजूला जातात. पाचशे मीटरच्या आत जायचं नाही हे आम्हाला माहीत आहे, पण रात्री जाळं प्रवाहाने सरकत जातं. दोन वर्षांपूर्वी आमचं जाळं एका सप्लाय बोटीच्या पंख्यात गेलं. चार लाखांचं जाळं, भाऊ रडला होता. नवीन बोटी आल्या की वाहतूक वाढणार. आमच्याबद्दल कुणी विचार करतं का?

उधाण
ताई, वाईट वाटलं वाचून. आमच्या बाजूने सांगतो. पंख्यात जाळं आलं की आमचाही जीव जातो, प्लॅटफॉर्मखाली असताना एक पंखा बंद पडणं म्हणजे काय ते चीफसाहेबांनी वर लिहिलंच आहे. रात्री जाळ्याच्या टोकाला लुकलुकणारा दिवा असला तर लांबून दिसतो. आणि व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मराठीत बोललात तरी चालतं. आमच्यातले बरेच कोकणातलेच आहेत, कुणीतरी उत्तर देतंच. मी स्वतः कितीतरी वेळा "ओ नाखवा, जाळं कुठवर हाय?" असं विचारून वाट वळवली आहे.

करंजाची_लेक
हे भावाला सांगते. तो इंग्रजी बोलावं लागेल म्हणून सेट हातात घ्यायला लाजतो.

किनारा
नव्या बोटी का हव्यात याबद्दल २७ जुलै २००५ कुणी आठवत नाही का? मुंबईत आदल्या दिवशीचा पाऊस सगळ्यांच्या लक्षात आहे, दर्यात काय झालं ते कमी लोकांना माहीत. समुद्र सुरक्षा या बोटीवरच्या आचाऱ्याची बोटं कापली. हेलिकॉप्टर मिळालं नाही म्हणून त्याला बास्केटने मुंबई हाय नॉर्थवर चढवायचं ठरलं. लाटेत बोटीचं हेलिडेक प्लॅटफॉर्मच्या रायझरवर (समुद्रतळातून वर येणाऱ्या तेल-गॅसच्या पाइपवर) आदळलं, गॅस फुटला, आग लागली आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. ३६२ माणसं वाचली, २२ गेली. माझे मामा वाचलेल्यांत होते. त्यांनी पुढे कधी गॅसची शेगडी स्वतः पेटवली नाही.

बोट कशी वागते, थ्रस्टर ऐकतो की नाही, हा आमच्यासाठी कागदावरचा प्रश्न नाही.

चीफसाहेब
किनारा, नमस्कार तुमच्या मामांना. आणि १७ मे २०२१ पण. तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली. त्याच वादळात वरप्रदा टगवरच्या तेराजणांपैकी दोघे परतले. मी त्या रात्री बंदरात होतो, व्हीएचएफवर आवाज ऐकत होतो. त्यावर जास्त लिहवत नाही.

उधाण
हर्णैकर, आता तुझ्याकडे येतो.

पहिलं, एजंट. नाविकाला नोकरी लावून देणाऱ्याकडे डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचं लायसन्स लागतं, आणि नोकरीसाठी नाविकाकडून पैसे घेता येत नाहीत. नंबर माग, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर यादी आहे, तिथे ताडून पाहा. नंबर दिला तरी त्या कंपनीच्या ऑफिसला स्वतः फोन करून विचार की हा माणूस तुमचाच का. दुसऱ्याचा नंबर सांगणारे महाभाग भेटलेत मला.

दुसरं, पगार. आखातात काम करताना आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलास की एनआरआय धरतात, तिथला पगार करमुक्त. मुंबई हायवर ते नाही, कर कापून हातात येईल. आकडा सारखा दिसला तरी घरी येणारा वेगळा. वहिनींबरोबर बसून कागदावर मांड.

तिसरं, तुझं डीपी सर्टिफिकेट पूर्ण झालंय का? की दिवस बाकी आहेत? डीपी चालवण्याचे दोन टप्प्यांचे साठ-साठ दिवस नीट सह्यांनिशी लॉगबुकात भरलेले नसतील तर डीपी-२ नवी असो की जुनी, दारात उभं करणार नाहीत.

हर्णैकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस इथलं सगळं आईला वाचून दाखवतोय. सारंगकाकांच्या बास्केटपाशी ती म्हणाली, "तू पण असाच लटकतोस?" मी हो म्हटल्यावर बराच वेळ बोलली नाही.

उधाणदादा, सर्टिफिकेट पूर्ण झालंय, अमर्यादित आहे, गेल्या वर्षीच हातात आलं. एजंटला काल यार्ड नंबर आणि आरपीएसएल दोन्ही विचारलं. म्हणाला, "साहेब, एवढे प्रश्न विचारणाऱ्यांचं काम होत नाही," आणि फोन ठेवला. आज नंबरच लागत नाहीये.

आणि एक. कालच माझ्या जुन्या कॅप्टनना फोन केला. ते सध्या मुंबई हायवरच आहेत, सतरा वर्षं जुन्या पीएसव्हीवर. म्हणाले, नव्या बोटींचं आम्हीही ऐकतोय, कागद कुणी पाहिलेला नाही. पण माझा सेकंड मेट दिवाळीनंतर चीफ मेटच्या परीक्षेला बसतोय, त्याची जागा रिकामी होईल. बोट जुनी आहे, थ्रस्टर मात्र गेल्या ड्रायडॉकला नवा बसवलाय. पाच आठवडे बोटीवर, पाच आठवडे घरी. कर धरून हिशेब मांडला, आखातापेक्षा महिन्याला बरेच कमी पडतात. बायको म्हणाली, भागेल.

तर आखातात वर्षाऐवजी चारच महिन्यांचं काँट्रॅक्ट मागतोय. ते संपलं की ही जागा.

सारंगकाका
बरं केलंस. आईला सांग, डोळे उघडे ठेवून चढतो म्हणून.

चीफसाहेब
चार महिन्यांची सही करताना रिलीफची (तुझ्या जागी दुसरा माणूस येण्याची) तारीख लेखी घे, तोंडी नको. आणि त्या पीएसव्हीवर चढलास की पहिल्या दिवशी दोन्ही थ्रस्टर रूममध्ये स्वतः उतरून ये. बॅटरी आणि हायड्रॉलिक तेलाची पातळी बघ, तिथल्या मोटरमनशी बोल. ब्रिजवरच्या स्क्रीनवर जे दिसत नाही ते त्याला ठाऊक असतं.